शिकागोच्या सेकंड वॉर्डांतील स्त्री-मंडळ

पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेंत गेल्या व तेथील वास्तव्याचा वृत्तांत त्यांनीं १८८९ सालीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथांत मराठी वाचकांपुढें ठेवला. त्या देशांतील स्त्रिया मंडळें स्थापितात, सभा भरवितात, वर्गण्या गोळा करतात आणि आपल्या कार्याचा हिशेब चोख ठेवतात, याचें रमाबाईंना मोठें कौतुक वाटलें होतें. परंतु त्या काळीं अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत स्त्रीला मताचा अधिकार नव्हता. मंडळ होतें, मत नव्हतें. पुढें मत आलें, तेव्हां या मंडळांचें काय झालें? स्त्रियांचें मंडळ राजकीय पक्षाच्या कामाला जुंपलें जातें, कीं पक्षालाच तें आपल्या कामाला लावूं शकतें? या प्रश्नाचा विचार करणारास शिकागो शहरांतील एका मंडळाचा १९१३ ते १९१५ या तीन वर्षांचा इतिहास फार उद्बोधक आहे.

हें मंडळ कृष्णवर्णीय स्त्रियांचें होतें, व त्यांचें राजकारण रिपब्लिकन पक्षाचें राजकारण होतें. ही सांगड कशी पडली हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. रिपब्लिकन पक्षाचा जन्म १८५४ सालचा; गुलामगिरीच्या प्रसारास विरोध हा त्याचा मूळ पाया. अब्राहाम लिंकन याच पक्षाचे अध्यक्ष, आणि गुलामगिरी कायमची नष्ट करणारी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ सालीं झाली ती याच पक्षाच्या प्रयत्नानें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील ज्या सत्पुरुषांना अर्पण केला, त्यांच्या चळवळीशीं या पक्षाचें नातें होतें. साहजिकच मुक्त झालेला कृष्णवर्णीय मतदार या पक्षाशीं एकनिष्ठ राहिला. दक्षिणेकडील राज्यांनीं नाना युक्त्या योजून त्याचें मत पुढें हिरावून घेतलें. परंतु उत्तरेंतील शिकागोसारख्या शहरांत तें शाबूत होतें.

शिकागोच्या दक्षिण भागांत, स्टेट स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास, कृष्णवर्णीयांची वस्ती दाट होती. नगरसभेच्या निवडणुकीसाठीं हा भाग सेकंड वॉर्डांत मोडे. या वॉर्डांत रिपब्लिकन पक्षाचें बळ मोठें, म्हणून खरी लढत होई ती पक्षाची उमेदवारी ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकींत. वॉर्डाचे सूत्रधार तेथें आपला मनुष्य उभा करीत आणि तो मनुष्य नेहमीं गौरवर्णीय असे. कृष्णवर्णीयांनीं पिढ्यान्‌पिढ्या मतें दिलीं, पण शिकागोच्या नगरसभेंत त्यांचा एकहि नगरपिता बसला नव्हता. गिऱ्हाईक कायमचें बांधलेलें आहे असें कळलें म्हणजे दुकानदार भाव उतरवीत नाहीं. राजकारणांतहि व्यवहार तोच.

या परिस्थितींत ज्या बाईनें हात घातला तिचें नांव आयडा वेल्स-बार्नेट. १८६२ सालीं मिसिसिपी राज्यांतील होली स्प्रिंग्ज येथें गुलामगिरींत तिचा जन्म झाला. मेंफिस शहरांत ती शिक्षिका व पुढें वृत्तपत्राची संपादिका झाली. १८९२ सालीं तिच्या परिचयाच्या तीन कृष्णवर्णीय गृहस्थांना जमावानें ठार मारलें. त्या अत्याचाराचें खरें कारण तिनें निर्भयपणें छापलें, तेव्हां तिचें छापखान्याचें सामान मोडून टाकण्यांत आलें आणि तिला मेंफिसला परत जाणें अशक्य झालें. पुढें ती शिकागोस स्थायिक झाली व १८९५ सालीं फर्डिनंड बार्नेट या वकिलाशीं विवाहबद्ध झाली.

पक्षाचें काम तिला नवें नव्हतें. १८९६ च्या निवडणुकींत रिपब्लिकन स्त्रियांच्या राज्यसमितीनें तिला इलिनॉय राज्यांत व्याख्यानें देण्यास धाडलें. त्या वेळीं तिचें पहिलें मूल कांहीं महिन्यांचें होतें. तिनें एक अट घातली : जेथें व्याख्यान असेल तेथें मूल सांभाळण्यास एक दाई ठेवावी. समितीनें तें मान्य केलें आणि अंगावर पिणारें मूल घेऊन ही बाई गांवोगांव फिरली. घर कीं सार्वजनिक काम, हा जो प्रश्न शिकलेल्या स्त्रियांपुढें वारंवार टाकला जातो, त्याचें तिनें वाद न घालतां दिलेलें उत्तर तें हेंच.

१९१३ च्या जानेवारींत तिनें बेल स्क्वायर या गौरवर्णीय सहकारिणीच्या साह्यानें 'आल्फा सफ्रेज क्लब' स्थापन केला. आल्फा म्हणजे ग्रीक वर्णमालेंतील पहिलें अक्षर. इलिनॉय राज्यांत स्त्रीमताचा कायदा होण्याचीं चिन्हें दिसत होतीं. गौरवर्णीय स्त्रिया त्यासाठीं जोमानें झटत होत्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रिया मात्र स्वस्थ होत्या. कायदा झाला आणि आपणांस मत कसें द्यावें हेंच ठाऊक नसलें तर त्याचा उपयोग काय, ही चिंता मंडळाच्या मुळाशीं होती. नांवानें मंडळ कोणत्याहि पक्षाचें नव्हतें. पण सेकंड वॉर्डांत राजकारण करावयाचें म्हणजे रिपब्लिकन पक्षांतच करावयाचें, हें सर्वांस उघड होतें.

मंडळाची पहिली कसोटी लागली ती वॉर्डाबाहेर. ३ मार्च १९१३ रोजीं वॉशिंग्टन येथें स्त्रीमतासाठीं प्रचंड मिरवणूक निघाली. मंडळानें आयडा वेल्स-बार्नेट यांना तेथें पाठविलें. दक्षिणेंतील भगिनी नाराज होतील म्हणून त्यांनीं इलिनॉयच्या पथकाबरोबर न चालतां मागें कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पथकांत चालावें, अशी सूचना आयत्या वेळीं करण्यांत आली. त्यांनीं ती नाकारली. मिरवणूक सुरू झाल्यावर त्या बघ्यांच्या गर्दींतून पुढें आल्या आणि इलिनॉयच्या पथकांत आपल्या दोन गौरवर्णीय मैत्रिणींच्या मध्यें चालूं लागल्या. समान हक्क मागणाऱ्यांच्या रांगेंतहि जागा मागून मिळत नाहीं, ती घ्यावी लागते, हा धडा घेऊन त्या शिकागोस परतल्या.

त्याच वर्षीं जून महिन्यांत इलिनॉयचा कायदा झाला. तो अपुरा होता. स्त्रियांना राष्ट्राध्यक्षाच्या व नगरसभेच्या निवडणुकींत मत मिळालें. गव्हर्नर, राज्याचें विधिमंडळ व काँग्रेस यांच्या निवडणुकींत मिळालें नाहीं. त्यामुळें स्त्रियांसाठीं मतपत्रिका निराळी छापावी लागे व त्या निराळ्या पेटींत टाकाव्या लागत. कायद्यांतील या उणेपणाचा एक अनपेक्षित फायदा असा झाला कीं, स्त्रियांनीं किती मतें दिलीं तें कोणासहि मोजून पाहतां येऊं लागलें. पक्षाच्या सूत्रधारांना स्त्रियांचें व्याख्यान ऐकूं आलें नाहीं तरी त्यांच्या पेटींतील आंकडा वाचतां येत होता.

मत मिळालें तरी नांव मतदारयादींत नोंदविल्यावांचून तें देतां येत नसे. येथें मंडळाचें खरें काम सुरू झालें. स्टेट स्ट्रीटवरील 'नीग्रो फेलोशिप लीग' या संस्थेच्या वाचनालयांत मंडळाच्या सभा भरत. ही संस्थाहि आयडा वेल्स-बार्नेट यांनींच चालविलेली होती. नगराचा कारभार कसा चालतो, नगरपित्याचे अधिकार कोणते, मतपत्रिकेवर खूण कोठें व कशी करावयाची, हें तेथें शिकविलें जाई. १९१४ पासून 'आल्फा सफ्रेज रेकॉर्ड' हें मंडळाचें पत्रकहि निघूं लागलें. नंतर वॉर्डाचे भाग पाडण्यांत आले, आणि आपापल्या भागांतील प्रत्येक दार ठोठावण्याचें काम सभासद स्त्रियांवर सोंपविण्यांत आलें.

पहिला अनुभव कडू होता. बायका घरोघर गेल्या तेव्हां त्यांच्याच समाजांतील पुरुषांनीं त्यांची टवाळी केली. घरीं जाऊन मुलें सांभाळा, असें कोणी म्हणालें. पुरुषांची विजार घालण्याची तुम्हांस हौस आली आहे काय, असें कोणी विचारलें. समाजाच्या राजकीय पुढाऱ्यांनीं किंवा धर्मोपदेशकांनींहि स्त्रियांनीं नांवें नोंदवावीं म्हणून एक शब्द उच्चारला नव्हता. स्त्रिया खिन्न होऊन मंडळांत परत आल्या. ज्यांनीं पहिल्यानेंच घराबाहेरचें काम अंगावर घेतलें आहे, त्यांना ही टवाळी किती बोंचते हें कोणत्याहि देशांतील स्त्रीस सांगावयास नको. अशी मंडळें बहुधा येथेंच मोडतात.

आयडा वेल्स-बार्नेट यांनीं त्यांना पुन्हा त्याच दारांशीं धाडलें. मात्र या वेळीं सांगावयास एक निश्चित गोष्ट दिली. नुसतें 'नांव नोंदवा' असें म्हणावयाचें नाहीं, तर 'नगरसभेंत आपला एक मनुष्य बसविण्यासाठीं नांव नोंदवा' असें म्हणावयाचें. या एका वाक्यानें काम पालटलें. स्त्रियांचा हक्क हा ज्या पुरुषांना थट्टेचा विषय वाटत होता, त्यांना समाजाच्या मानाचा प्रश्न थट्टेवारीं नेतां येईना. आणि ज्या गृहिणींना मत ही दूरची, कागदावरची वस्तु वाटत होती, त्यांना तिचा उपयोग दिसला. मतदारयादींत स्त्रियांचीं नांवें भराभर चढूं लागलीं.

१९१४ च्या फेब्रुवारींत नगरपित्यांची प्राथमिक निवडणूक झाली. विल्यम कॉवन हे कृष्णवर्णीय गृहस्थ पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभे होते, आणि मंडळाचें सर्व बळ त्यांच्या पाठीशीं होतें. कॉवन पडले; परंतु आयडा वेल्स-बार्नेट यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहिल्याप्रमाणें ते पडले ते अवघ्या १६७ मतांनीं. ज्या वॉर्डांत सूत्रधारांचा शब्द म्हणजे निकाल, तेथें पहिल्यानेंच मत देणाऱ्या स्त्रियांच्या एका मंडळानें हें घडवून आणावें, याचा अर्थ समजण्यास पुढाऱ्यांना फार वेळ लागला नाहीं.

लागलीच पक्षाच्या स्थानिक संघटनेचे प्रतिनिधि मंडळाच्या सभेस आले. कालपर्यंत ज्यांना या स्त्रियांची दखल घेण्याचें कारण पडलें नव्हतें, ते आज त्यांच्या दाराशीं उभे होते. कॉवन यांना स्वतंत्र उमेदवार म्हणून पुढील लढतींत उभें करूं नका, तसें केल्यास मतें फुटतील आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा मनुष्य निवडून येईल, अशी त्यांची विनंती होती. मोबदल्यांत त्यांनीं वचन दिलें कीं, वॉर्डांत यानंतर जी जागा रिकामी होईल तिच्यासाठीं संघटना कृष्णवर्णीय उमेदवारासच उभें करील.

मंडळापुढें पेंच होता. पुढाऱ्यांचीं वचनें या समाजानें आजवर पुष्कळ ऐकलीं होतीं. दुसऱ्या पक्षीं, पराभूत उमेदवारास हट्टानें पुन्हा उभें करून हातचें बळ उधळण्यांतहि शहाणपण नव्हतें. मंडळानें वचन स्वीकारलें. तें पाळलें जाईल असा भरंवसा धरण्यास या वेळीं एक नवें कारण होतें : न पाळल्यास काय होईल याचा हिशेब १६७ या आंकड्यानें संघटनेस आधींच करून दिला होता.

वचन पाळलें गेलें. १९१५ सालीं ऑस्कर डी प्रीस्ट या कृष्णवर्णीय गृहस्थांना रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळाली आणि एप्रिल महिन्यांत ते निवडून आले. शिकागोच्या नगरसभेंत बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय नगरपिते. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत 'क्रायसिस' या मासिकानें स्त्रीमताच्या प्रश्नावर अनेक पुढाऱ्यांचे विचार प्रसिद्ध केले, त्यांत डी प्रीस्ट यांचाहि लेख होता. आपल्या विजयाचें श्रेय वॉर्डांतील स्त्रियांना आहे, असें त्यांनीं त्यांत मोकळेपणानें मान्य केलें. दोन वर्षांपूर्वीं ज्यांना घरीं जाऊन मुलें सांभाळावयास सांगितलें होतें, त्याच ह्या स्त्रिया.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. पक्षाच्या राजकारणांत उतरलेल्या मंडळास त्याची किंमतहि द्यावी लागते. १९१५ सालींच शिकागोच्या मेयरचीहि निवडणूक होती. विल्यम हेल थॉम्प्सन यांना आयडा वेल्स-बार्नेट यांनीं आधीं पाठिंबा दिला; परंतु पुढें न्यायमूर्ति हॅरी ओल्सन हे उमेदवार झाल्यावर तो काढून घेणें त्यांना भाग पडलें. ओल्सन यांच्या न्यायालयांत त्या १९१३ पासून प्रोबेशन अधिकारी होत्या व त्यांच्याविषयीं त्यांना आदर होता. निवडून आले ते थॉम्प्सन. नव्या कारभारांत आयडा वेल्स-बार्नेट यांचें वजन राहिलें नाहीं आणि पुढें त्यांची नोकरीहि गेली. ज्या राजकारणानें वॉर्डास नगरपिता दिला, त्यानेंच मंडळाच्या संस्थापिकेस दूर सारलें.

दुसरा विचार याहून गंभीर आहे. मंडळानें निवडून आणला तो पुरुष. डी प्रीस्ट १९२८ सालीं काँग्रेसवर निवडून गेले. १९०१ नंतर तेथें बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय सभासद. १९२९ सालीं त्यांच्या पत्नीस अध्यक्ष हूव्हर यांच्या पत्नीनें काँग्रेस-सभासदांच्या पत्नींसमवेत चहास बोलाविलें, तेव्हां दक्षिणेंतील कित्येक विधिमंडळांनीं निषेधाचे ठराव केले. एका वॉर्डांतील दारें ठोठावण्याचा आवाज येथपर्यंत पोंचला होता. पण १९३० सालीं खुद्द आयडा वेल्स-बार्नेट राज्याच्या सिनेटसाठीं उभ्या राहिल्या तेव्हां त्यांना दारुण अपयश आलें. पुढच्याच वर्षीं, १९३१ च्या मार्चमध्यें, त्या वारल्या. त्यांचें आत्मचरित्र त्यांच्या कन्येनें संपादित केलें, तें प्रसिद्ध होण्यास १९७० साल उजाडावें लागलें. २०२० सालीं त्यांच्या पत्रकारितेस मरणोत्तर पुलित्झर गौरव मिळाला.

या मंडळाच्या पाठोपाठ अमेरिकेंत रिपब्लिकन स्त्रियांच्या संघटना वाढत गेल्या. १९२० सालीं राज्यघटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीनें स्त्रीमत राष्ट्रभर लागू झालें. १९२४ सालीं नॅनी हेलन बरोज यांच्या अध्यक्षतेखालीं कृष्णवर्णीय रिपब्लिकन स्त्रियांचा राष्ट्रीय संघ निघाला. १९३८ सालीं मेन राज्यांतील मॅरियन मार्टिन या कर्तबगार बाईंनीं ठिकठिकाणच्या रिपब्लिकन स्त्री-मंडळांना एकत्र आणून त्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. तो आजतागायत चालू आहे. या मंडळांच्या कामाची रीत बहुतांशीं तीच : मासिक सभा, उमेदवारांचीं भाषणें, मतदारांच्या याद्या, घरोघरच्या भेटी, निवडणुकीच्या दिवशीं मतदारांना घराबाहेर काढणें.

परंतु एक महत्त्वाचा भेद होता. मंडळांनीं प्राथमिक निवडणुकींत कोणाचीहि बाजू घेऊं नये, पक्षानें उमेदवार निश्चित केल्यावर मात्र सर्वांनीं त्याच्यासाठीं झटावें, असें मार्टिन यांचें धोरण होतें. या धोरणास सबळ कारण होतें. प्राथमिक निवडणुकीच्या भांडणांत मंडळें फुटतात, मैत्रिणी वैरिणी होतात, आणि फुटलेल्या मंडळाचें ऐकतो कोण? एकी राखली म्हणूनच महासंघ विस्तारला. तरी या एकीचें मोल ध्यानांत घेतलें पाहिजे. उमेदवार ठरेपर्यंत जो गप्प बसतो त्याच्या वांट्याला, ठरलेल्या उमेदवारासाठीं दारें ठोठावणें एवढेंच उरतें. मार्टिन यांनीं निष्ठेनें पक्षाची सेवा केली, आणि १९४६ सालीं पक्षाच्या नव्या अध्यक्षाशीं मतभेद होतांच त्यांना आपलें पद सोडावें लागलें.

सेकंड वॉर्डांतील मंडळ थोड्याच सभासदांचें व थोड्याच वर्षांच्या जोमाचें होतें. त्याच्यापाशीं ना पैसा होता ना पदें. त्याचें सामर्थ्य दोन गोष्टींत होतें. पहिली, घरोघर जाऊन स्वतः तयार केलेली मतदारांची यादी. दुसरी, ती यादी कोणाच्या हातीं द्यावयाची हें उमेदवारी ठरण्यापूर्वीं सांगण्याची हिंमत. पहिली गोष्ट अनेक मंडळांपाशीं असते. तिच्यामुळें पक्ष आभार मानतो. दुसरी क्वचित् असते. तिच्यामुळें पक्ष दाराशीं येतो. १९१४ सालच्या त्या सभेंत पुढारी विनंती करण्यास उभे राहिले, तेव्हां वाचनालयांत बसलेल्या स्त्रियांना हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.